मॉरिस मायनर १००० चं परीक्षण: चकाकीला किती मार्क, मूळपणाला किती?

रंकाळा_५७

नमस्कार मंडळी,

दसऱ्यानंतर आपल्या क्लबचं प्रदर्शन आहे आणि १९४६ ते १९७० या गटाचं परीक्षण माझ्याकडे आलंय. गटात तीन मॉरिस मायनर १००० आहेत आणि तिन्ही वेगळ्या जातीच्या.

पहिली आरशासारखी: टू-के (दोन घटक मिसळून मारायचा आधुनिक) रंग, व्हॉल्व्ह कव्हरला क्रोम, नवं पीव्हीसी वायरिंग, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. दुसरी फिकी. छताचा रंग खडूसारखा झालाय, चालकाच्या सीटची शिवण उसवलीय, पण बॉनेटखाली फारसा कुणाचा हात लागलेला दिसत नाही. तिसरी १९५७ ची म्हणून नोंदवलीय, पण तिच्या दारामधल्या खांबाला ट्रॅफिकेटरची (वळण दाखवायला बाहेर येणाऱ्या हाताची) खाचच नाही.

प्रश्न तीन:
१) मार्क कसे विभागायचे? पहिलीला नुसतं बघून सगळे नंबर देणार, दुसरीवर अन्याय होणार, अशी भीती वाटते.
२) तिसऱ्या गाडीचं साल कसं पडताळायचं?
३) प्रदर्शनाच्या सकाळी पन्हाळ्यापर्यंत जाऊन यायचं आहे. एका गाडीला अर्धा तास मिळेल. सुरक्षेच्या दृष्टीने नेमकं काय तपासू?

---

उद्यमनगर_टर्नर

दादा, कागद हातात घ्यायच्या आधी माप ठरवा. गाडी आज किती देखणी दिसते, हे आपलं माप नव्हे. कारखान्यातून निघून शोरूममध्ये उभी राहिली तेव्हा ती कशी होती, हे माप. अमेरिकेतल्या अँटिक ऑटोमोबाइल क्लबची ४०० गुणांची पद्धत याच पायावर उभी आहे. तिथे पूर्ण गुणांपासून सुरुवात करून चुकेल तिथे वजाबाकी करतात. वजाबाकीचा फायदा असा की प्रत्येक कापलेल्या मार्कासमोर कारण लिहावं लागतं. ‘गाडी छान आहे, ८५’ असा आकडा मग कुणी टाकू शकत नाही.

आपल्या क्लबला १०० गुण पुरेत. माझी विभागणी: मूळपणा ३०, बॉडी आणि रंग २०, इंजिन १५, आतली बाजू १५, खालची बाजू १०, वायरिंग आणि दिवे ५, कागदपत्रं ५. मूळपणाला सगळ्यांत जास्त, कारण रंग पुन्हा मारता येतो, मूळ भाग एकदा भंगारात गेला की गेला.

आता मायनर. १९४८ पासूनच्या गाड्यांना पुढची काच दोन तुकड्यांत होती. १९५६ च्या ऑक्टोबरात मायनर १००० आली तेव्हा एकसंध वक्र काच, मोठी मागची काच आणि ९४८ सीसी इंजिन आलं. १९६२ मध्ये १०९८ सीसी, आणि त्याबरोबर पुढचे ब्रेक ड्रम ७ इंचांवरून ८ इंचांवर गेले. ट्रॅफिकेटर, म्हणजे खांबातून बाहेर येणारे ते पिवळे हात, १९६१ मध्ये बंद होऊन लुकलुकणारे इंडिकेटर आले.

म्हणून तुमच्या तिसऱ्या गाडीच्या बाबतीत दोनच शक्यता. एक तर खाच पत्रा लावून बुजवलीय, नाही तर शेल (बॉडीचा पत्र्याचा सांगाडा) नंतरचा आहे. आतून खांबाचं अस्तर थोडं मोकळं करून बघायला मालकाला सांगा. बुजवली असेल तर आत वेल्डिंगची कड किंवा पुटीचा गोळा हमखास दिसेल. इंजिन नंबरही वाचा. १०एमए ने सुरू होत असेल तर इंजिन १०९८ सीसीचं. इंजिन बदललेलं असणं हा गुन्हा नाही, हे काम त्या काळातही सर्रास व्हायचं. पण नोंदीत ‘मूळ’ लिहिलं असेल तर मार्क कापायचे. बदल लिहून दिला असेल तर कमी कापायचे, लपवला असेल तर जास्त. हा फरक तुमच्या पत्रकात छापून टाका.

बॉडीसाठी रंगाची जाडी मोजायचं यंत्र मागून घ्या. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन. २५० ते ३०० म्हणजे वरून पुन्हा रंग मारलाय, त्यात वावगं काही नाही. आकडा ८००, १००० च्या पुढे गेला की खाली पुटी आहे. यंत्र नसेल तर फ्रिजवर लावायचं चुंबक रुमालात गुंडाळून फिरवा. पुटीवर ते सरकून पडतं.

आणि बॉनेट नीट बघा. मायनरचा नमुना तयार झाल्यावर रुंदी कमी वाटली, म्हणून तिचा रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिसने गाडी मधोमध कापून ४ इंच रुंद करायला लावली. ती ४ इंचांची चपटी पट्टी बॉनेटच्या मध्यावर आजही आहे. तिच्या दोन्ही कडा बोटाने चाचपून पाहिल्या तर स्पष्ट लागायला हव्यात. बोट फिरवताना कड कुठे लागते आणि कुठे विरघळून जाते असं झालं, तर तिथे पुटी घासून गोल केलीय. आरशासारख्या गाडीवर हीच जागा सगळ्यांत आधी बघतात.

मायनरला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे सिल (दाराखालची पत्र्याची पेटी), जॅक लावायच्या जागा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे पुढचे हँगर आणि पुढच्या चेसिस लेगची (बॉडीलाच जोडलेल्या लांब पेट्यांची) शेवटं, या चार ठिकाणचा गंज जीवघेणा. जुन्या सडक्या सिलवर नवी सिल चढवून वेल्ड मारायची सवय आपल्याकडे आहे. बाहेरून कळत नाही. दार उघडं ठेवून त्या बाजूला जॅक लावा आणि गाडी उचलता उचलता दार-खांबामधली फट बघा. फट बदलली, दार घासायला लागलं, तर बॉडी कमजोर आहे. अशा गाडीला पन्हाळ्याला पाठवू नका, रंग कितीही भारी असो. खालून जाड काळा डांबरी लेप दिला असेल तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भद्द.

पुराचंही बघायचंच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी जिथवर आलं, तिथल्या गॅरेजातल्या गाड्या पुढे हात बदलत गेल्या. हेडलाइटच्या वाटीत, दाराच्या तळाशी, मागच्या सीटखाली आणि डिकीतल्या स्टेपनीच्या जागी बारीक राखाडी गाळ अडकतो. कितीही धुतलं तरी दाराच्या निचरा भोकांपाशी त्याची रेघ राहतेच.

बोल्टांचं एक सोपं गमक. या गाडीचे बहुतेक बोल्ट इंचांतले. १/२ ए-एफ चं (समोरासमोरच्या सपाट बाजूंत अर्धा इंच) डोकं १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना किंचित डुलतो. पाना घट्ट, चपखल बसला तर तो एम-८ बोल्ट, नंतर टाकलेला. पाना लावायचीही गरज नसते, डोक्यावर ८.८ कोरलेलं दिसलं की समजा मेट्रिक. मात्र एका बोल्टाला एक मार्क कापत बसू नका. इंजिनाच्या खोलीत सगळीकडे तेच असेल तर मूळपणातून मिळून ३.

क्रोमचं व्हॉल्व्ह कव्हर? कारखान्यात ते रंगवलेलं असायचं. मूळपणातून २ कापा. चमकतंय म्हणून १ परत देऊ नका.

---

लुकास_बारा_व्होल्ट

वरचं सगळं बरोबर. वायरिंगचं मी सांगतो, कारण आग तिथून लागते.

मायनर मुळात पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला. अल्टरनेटर बसवला की बहुधा निगेटिव्ह अर्थ करावा लागतो, कारण बाजारातले बहुतेक अल्टरनेटर तसेच येतात. तसं केलं असेल तर इग्निशन कॉइलच्या दोन बारीक वायरी अदलाबदल केल्यात का, ते विचारा. एसडब्ल्यू आणि सीबी अशी जुन्या कॉइलवर खूण असते. नाही बदलल्या तर प्लगची ठिणगी उलट्या दिशेने पडते आणि तिला जास्त व्होल्टेज लागतं. गाडी सपाटीवर ठीक चालते, चढावर भार आला की चुकायला लागते. पन्हाळ्याच्या चढाला हमखास.

डायनॅमो ठेवलेल्या गाडीत थांबल्यावर लाल दिवा मिणमिणतो. तो दोष नाही, कमी फेऱ्यांवर डायनॅमो चार्ज देत नाही, यासाठी मार्क कापू नका. जुना सी-४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. ६० वॉटचे दोन हॅलोजन लावले की ते दोघेच १० अँपिअर खातात. वर साइडलाइट, वायपर, पंखा. पावसातल्या रात्री बॅटरी उतरणार.

फ्यूजची भानगड नीट समजून घ्या. रेग्युलेटरजवळच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं. तो आकडा वितळण्याचा आहे. सतत वाहू शकणारा प्रवाह त्याच्या निम्मा, साधारण १७ अँपिअर. हल्लीच्या फ्यूजवरचा आकडा सतत वाहण्याचा असतो. म्हणून कुणी ‘मूळ रेटिंग’ म्हणून आजचा ३५ चा फ्यूज घातला, तर वायर आधी जळेल आणि फ्यूज तसाच राहील. आजचा फ्यूज १५ किंवा फार तर २० चा. परीक्षण करताना फ्यूज काढायला लावा, त्यावर तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळलेली असेल तर वायरिंगचे पाचही मार्क शून्य.

वायरींचे रंग बघितले की पाच मिनिटांत कळतं. लुकासच्या पद्धतीत तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी फ्यूजमधून आलेली बॅटरीची, निळी हेडलाइटची, लाल साइड आणि मागच्या दिव्यांची, काळी अर्थची. हॉर्नला गुलाबी आणि मागच्या दिव्याला पिवळी वायर दिसली तर कुणी तरी हाताला लागेल ती वायर ओढलीय. त्या काळी वायरींवर सुती विणकाम असायचं. नव्या पीव्हीसी हार्नेसला मूळपणातून १ कापा, पण वायरिंगमधून काही कापू नका. साठ वर्षांची सुती वायर वाकवली की आतलं रबर कुस्करून पडतं. ती बदलणं हे शहाणपणाचं काम आहे.

बॅटरी काढून उलटी लागली असेल तर डायनॅमोचं ध्रुवीकरण पुन्हा करावं लागतं. डायनॅमोवरच्या दोन्ही वायरी काढा, बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकावरून एक वायर घेऊन एफ टर्मिनलला एक-दोन सेकंद टेकवा, बारीक ठिणगी पडेल, झालं. मग वायरी परत.

---

डिकीतला_जॅक

टर्नरदादा, विभागणीवर माझा एक आक्षेप आहे. तीस मार्क मूळपणाला देऊन तुम्ही अल्टरनेटरवाल्याला मारणार. आपल्याकडे ही गाडी लोक चालवतात. अल्टरनेटर, सीटबेल्ट, रेडियल टायर, मागचे तेजस्वी दिवे, हे जीव वाचवणारे बदल आहेत. परत मूळ स्थितीत आणता येतात. ज्या बदलासाठी पत्रा कापला नाही, भोक पाडलं नाही, त्याला मार्क कापायचे नाहीत, असा नियम ठेवा की. मूळ डायनॅमो डिकीत गुंडाळून ठेवलेला दाखवला तर पूर्ण मार्क द्या.

आता पेट्रोल. हा विषय कुणी काढला नाही आणि तिन्ही गाड्या यातच अडकणार. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याने तीन गोष्टी होतात. जुनी रबरी नळी आतून फुगते आणि तिचे काळे तुकडे फ्लोट चेंबरच्या सुईखाली अडकतात, कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकीच्या तळाशी गंज धरतो. तिसरं, मिश्रण पातळ पडतं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या पेट्रोलला साधारण १३.५. म्हणजे जेट होतं तसंच ठेवलं तर गाडी जवळपास ८-९ टक्के लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते. चढावर खेच पडत नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात.

उपाय: टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत इथेनॉल चालेल अशी नळी, त्यावर एसएई जे-३० आर-९ छापलेलं असतं. पारदर्शक प्लास्टिकची नळी दिसली तर गाडी रांगेतून बाहेर काढा. एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या जेटखालचा षट्कोनी नट एक-एक पैलू खाली उतरवायचा. सहा पैलू म्हणजे एक फेरा. इंजिन पूर्ण गरम असताना एकेक पैलू, मग पिस्टन पिनने जेमतेम ०.८ मिमी उचलून बघा. फेऱ्या किंचित वाढून लगेच जागेवर आल्या तर बरोबर. वाढून तशाच राहिल्या तर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बसायला लागलं तर लीन. दोन-तीन पैलूंत जमतं. वरच्या डँपरमध्ये २० ग्रेडचं पातळ तेल, इंजिनातलं २० डब्ल्यू ५० ओतू नका. त्यात पिस्टन उशिरा उठतो.

इंजिनात मात्र २० डब्ल्यू ५० च. या इंजिनांत कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासत चालतात, त्यांना तेलातलं जस्त-फॉस्फरसचं द्रव्य लागतं. नव्या पेट्रोल गाड्यांच्या पातळ तेलांत त्यावर मर्यादा घातलीय, ती ० डब्ल्यू २० ते १० डब्ल्यू ३० पर्यंतच्या ग्रेडना लागू होते. जाड ग्रेडला ती मर्यादा नाही. फिल्टर धरून साधारण ३.७ लिटर लागतं.

---

शाहूपुरी_ग्रंथ

कागदपत्रांचं मी सांगते. ५ मार्क कमी वाटतील, पण साल ठरवायचं भांडण इथेच मिटतं.

१५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘विंटेज मोटर व्हेइकल’ असा वेगळा प्रकार आला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत, नंतर पुन्हा नोंदणीला ५,०००. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या कामाला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला नेणं, तांत्रिक संशोधन एवढ्यासाठीच.

रंकाळादादा, ज्या मालकाने शेल बदलला असेल, त्याची गाडी या व्याख्येतही अडकते. म्हणून तुमच्या पडताळणीकडे नुसतं मार्कांचं काम म्हणून बघू नका. त्यांनी परिवहन कार्यालयात अर्ज करण्याआधीच सांगितलेलं बरं. मुळात ‘जुनं आर-सी पुस्तक आणि गाडीवरची चेसिस प्लेट जुळते का’ एवढंच आधी बघा. प्लेट नव्या रिव्हेटने बसवलेली असेल तर रिव्हेटची डोकी वेगळी दिसतात.

गटाबद्दल एक सूचना. फिव्हा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वर्गवारीत १९४६ ते १९६० हा एक वर्ग आणि १९६१ ते १९७० हा दुसरा. तुमच्या गटात दोन्ही एकत्र आहेत. ट्रॅफिकेटर ते इंडिकेटर हा बदलही त्याच सीमेवर पडतो. पुढच्या वर्षी गट तोडा, भांडणं निम्मी होतील.

आणि जॅकदादा, तुमच्या आक्षेपाला माझा थोडा पाठिंबा, थोडा विरोध. परत मूळ करता येणारा बदल आणि मूळ भाग जपून ठेवलेला असेल तर कपात नको, हे पटतं. पण दोन्ही गाड्यांना एकाच पत्रकात सारखं मोजू नका. मग दुसऱ्या गाडीवाल्याने तीच डायनॅमो, तीच सुती वायर, तेच सीटचं कापड सांभाळून काय मिळवलं? फिव्हाच्या ट्युरिन चार्टरचा सूरही हाच: आधी जतन, मग दुरुस्ती, अगदीच गरज पडली तर पुनर्निर्माण, आणि जे केलं त्याची नोंद. मूळ राखलेल्या गाड्यांना वेगळं पत्रक आणि वेगळं बक्षीस ठेवा. त्या पत्रकात फिकट रंगाला, उसवलेल्या शिवणीला कपात नाही. कपात फक्त गंज वाढू दिल्याबद्दल आणि चुकीच्या दुरुस्तीबद्दल. फिकट छत पॉलिश मारून उजळवू नका, असंही मालकांना आधीच कळवा. साठ वर्षांचा रंग पॉलिशच्या मशीनखाली दोन मिनिटांत संपतो. खालचा प्रायमर दिसायला लागला की तो परत येत नाही.

---

रंकाळा_५७

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन पत्रकं करतो: एक जतन केलेल्या, एक पुन्हा उभारलेल्या गाड्यांसाठी. अल्टरनेटरला मूळपणातून १ कपात, आणि मूळ डायनॅमो दाखवला तर कपात शून्य. जॅकदादा, ताई, दोघांनाही चालेल ना?

तिसरा प्रश्न मात्र राहिला. पन्हाळ्याआधी अर्ध्या तासात काय तपासू? पुढच्या चाकाच्या ट्रनिअनबद्दल सगळे घाबरवतात, नेमकं कसं बघायचं?

---

डिकीतला_जॅक

चालेल. पण ‘शून्य’ तोंडी ठेवू नका, पत्रकात लिहा भावा, नाहीतर पुढच्या परीक्षकाला कोण सांगणार.

---

उद्यमनगर_टर्नर

ट्रनिअनला घाबरायलाच हवं, पण ग्रीस वेळेवर भरलं तर तो वर्षानुवर्षं टिकतो. पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं, त्या पिनला वर आणि खाली आटे आहेत, आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक ट्रनिअन त्या आट्यांवर फिरतो. म्हणजे सांधा आणि बेअरिंग दोन्ही कामं आटेच करतात. ग्रीस संपलं की आटे झिजतात, आणि एके दिवशी खालचा ट्रनिअन आट्यांतून सुटतो. चाक आडवं पडतं, गाडी त्या कोपऱ्यावर बसते. बहुतेक वेळा पार्किंगमध्ये, स्टिअरिंग पूर्ण वळवताना, पण घाटात झालं तर विचारू नका.

तपासायची पद्धत: जॅक बॉडीच्या मजबूत जागी लावा, चाक अधांतरी लटकू द्या. टायरच्या खाली पहार घालून हलकेच वर उचला आणि दुसऱ्या माणसाला खालच्या ट्रनिअनकडे टॉर्च धरून बघायला सांगा. आट्यांचा सांधा असल्यामुळे जरासा ढिलेपणा असतोच. वर-खाली ठकठक आवाज होऊन डोळ्यांना दिसेल इतकी हालचाल असेल तर गाडी पार्किंगमध्येच राहील. नंतर टायर वरून-खालून धरून हलवा, ही हालचाल व्हील बेअरिंगमुळेही असू शकते. म्हणून ब्रेक दाबून पुन्हा करा. ब्रेक दाबल्यावर ती थांबली तर बेअरिंग, नाही थांबली तर ट्रनिअन. बदलायची वेळ आली तर लक्षात ठेवा, डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट दिशेचे आहेत. अदलाबदल चालत नाही.

ग्रीस चाक अधांतरी असतानाच भरायचं. चाक जमिनीवर असेल तर गाडीचा भार आट्यांची एकच बाजू दाबून धरतो आणि ग्रीस तिथे पोचत नाही, उरलेल्या फटीतून बाहेर येतं. लिथियमचं ग्रीस, ग्रीसगनचे दाब मोजू नका. काळं, मातीसारखं ग्रीस बाहेर येत राहील, ते थांबून स्वच्छ ग्रीस दिसलं की बास. मग स्टिअरिंग एकदा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि पुन्हा दोन दाब. पुस्तकात दर १,००० मैलांना म्हणजे १,६०० किलोमीटरना सांगितलंय. आपल्याकडे गाडी वर्षाला तेवढी चालत नाही, पण पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा भराच. जून ते सप्टेंबर उभ्या गाडीच्या आट्यांत पाणी साचतं.

ब्रेक: मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फरशीच्या खाली आहे. गालिचा उचलून प्लग काढून तेल बघावं लागतं. ते न दिसल्यामुळेच लोक विसरतात. तेल चहासारखं तपकिरी असेल तर जुनं आहे. डॉट ४ दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी शोषतं आणि घाट उतरताना उकळतं. पेडल दाबून ३० सेकंद धरून ठेवायला सांगा. हळूहळू खाली बसलं तर गळती. पुढच्या चाकांना दोन-दोन आणि मागच्यांना एकेक अ‍ॅडजस्टर आहे. पेडल खोल जात असेल तर आधी तेच घट्ट करा. ड्रम उघडलं तर हवेची नळी मारू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.०१२ इंच, पॉइंटची ०.०१५, प्लगची ०.०२५. प्रज्वलन क्रम १-३-४-२. परीक्षकाने एवढं मोजायचं नाही, पण मालकाकडे नोंदवही असेल तर बघा. टॅपेटची नोंद कामाची. दर खेपेला एक्झॉस्टची फट कमी कमी होत गेलेली दिसली तर व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत चाललाय. शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, आणि या हेडची सीट साध्या बिडाची. अशा मालकाला हेड काढून कडक एक्झॉस्ट सीट बसवून घ्यायला सांगा. आपल्या उद्यमनगरातल्या चांगल्या मशिनशॉपला हे काम नवं नाही. सीटचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा ०.००३ ते ०.००५ इंच मोठा ठेवून ती दाबून बसवायची. सैल बसवली तर चढावर निसटते आणि पिस्टन फोडते.

टायरवर नक्षी भरपूर दिसली तरी कडेचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांच्या पुढचा टायर असेल तर घाटाला नाही. हवा पुढे २२, मागे २४ पौंड. आणि प्रत्येक गाडीत अग्निशामक हवाच. नसेल तर परीक्षणाच्या रांगेतच घेऊ नका, यात तडजोड नको.

---

लुकास_बारा_व्होल्ट

एक पुरवणी. परतीला उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा ब्रेक घ्यायला सगळ्यांना सांगा. आणि वर पोचल्यावर गाडी लगेच बंद करू नका, दोन मिनिटं फिरू द्या. बंद केल्यावर गरम इंजिनाच्या वाफेने पेट्रोल लाइनमध्ये बुडबुडा धरतो. इथेनॉलच्या पेट्रोलने ते जास्त होतं. सुरू करताना पेट्रोल ओढणाऱ्या एसयू पंपाची टिकटिक थांबत नसेल तर बॉनेट उघडून दहा मिनिटं थांबा, पंपावर आणि फ्लोट चेंबरवर ओलं फडकं टाका. टिकटिक मंदावून थांबली की मगच स्टार्टर ओढा, नाहीतर बॅटरी तिथेच उतरवाल.